डोयानं पाह्यलं का?

तायडेकाकांनी मला पहिल्यांदा हात लावला तो थेट कॉलरला. कामावर रुजू होऊन मला अर्धा तासही झाला नव्हता. साहेब म्हणाले होते, "बाबू, एक चक्कर मारून या, आपल्याकडे काय काय आहे ते बघून घ्या," म्हणून मी पिंजऱ्यांच्या रांगेपुढून निघालो होतो. तीन नंबरपाशी बायकोचा फोन आला. जाळीकडे पाठ करून, एक पाय कठड्यावर टाकून मी आरामात बोलत होतो, "हो हो, पोचलो, डबा आहे बरोबर." तेवढ्यात बाजूनं एक हात आला, त्यानं माझी कॉलर धरली आणि मला बकरीसारखं चार पावलं फरफटत नेलं. मागे जाळीवर धाडकन काहीतरी आदळलं. वळून पाहतो तर जिथे माझी मान होती त्याच उंचीवर बिबट्याचे दोन पंजे जाळीत रुतलेले.

"पाठ दावली तुमी त्याले," तो माणूस म्हणाला. "पाठ दावाची नाही. पाठ दिसली का त्याले वाटते, हे माह्यं हाय."

फोन चालूच होता. बायको विचारत होती, "काय पडलं? कोण बोलतंय?" मी म्हटलं, "कोणी नाही, ऑफिसातलेच आहेत." कॉलर सुटली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती धरणाऱ्या हाताला तीनच बोटं होती.

माझ्या आजोबांनी अमरावतीत जन्मभर पूजा सांगितल्या, वडिलांनी कोर्टात वकिली केली, आणि मी बिबट्यांच्या पिंजऱ्यांवर बाबू झालो. आमच्या घरी याला "वनखात्यात ऑफिसला आहे" असं म्हणतात. ऑफिस होतं, खोटं कशाला बोलू? पण उन्हाळ्यात कूलर बाहेरची हवा ओढायचा आणि माझ्या डब्यातल्या पोळीला वाघाचा वास यायचा. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. अमरावतीहून तासाभराच्या अंतरावर, रस्ता जिथे रानात शिरतो तिथे हे सेंटर. विहिरीत पडलेला, गाडीखाली सापडून लंगडा झालेला, गावात शिरून माणसावर गेलेला, कोणी हौसेनं पाळलेला, असा कुठलाही बिबट्या शेवटी आमच्याकडे यायचा. त्यांना सांभाळणारी माणसं चार, आणि त्या चौघांत मुख्य सुखदेव तायडे, मुक्काम बार्शीटाकळी, जिल्हा अकोला.

दिसायला काका उंच, वाळके, शर्टाची गळ्याशेजारची गुंडीसुद्धा लावलेली. डोक्याला तेल नाही, अंगाला वासाचा साबण नाही. "वास बदलला का त्यायले नवा मानूस वाटते," म्हणायचे. त्यांचा जोडीदार गजानन इंगोले एकदा लग्नाहून परस्पर ड्यूटीवर आला, कानात अत्तराचा फाया. काकांनी त्याला पंपाखाली उभं केलं आणि कपड्यांसकट आंघोळ घातली. इंगोले ओरडत होता, "काका, हा शर्ट नवा हाय ना बाप्पा!" काका पंप मारत म्हणाले, "शर्ट वायते. घास कान."

त्यांची दुसरी सवय खाकरण्याची. कुठल्याही पिंजऱ्यापासून दहा पावलांवर थांबायचे, दोनदा खाकरायचे, "अहं, अहं," आणि मगच पुढे. आपण आलो हे आतल्याला आधी समजलं पाहिजे. दचकलेल्या जनावराइतकं वाईट काही नाही, असा त्यांचा हिशेब. इंगोले त्याला सरकारी खोकला म्हणायचा. पण मी पाहत होतो ना, त्या खोकल्यावर आतलं जनावर कान हलवून परत डोळे मिटायचं. माझ्या पावलांना मात्र उठून बसायचं.

बोटांबद्दल पाहुणे विचारायचे. काका उत्तर द्यायचे नाहीत, आणि इंगोले देत राहायचा. एका पाहुण्याला त्यानं सांगितलं, की वाघाच्या तोंडातून बकरी काढताना गेली. दुसऱ्याला सांगितलं, की काकांनी स्वतः कापून औषधात टाकली. त्या दुसऱ्यानं त्याचा फोटोही काढला. काका लांबून ऐकत असायचे, हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत.

जनावरांना नाव ठेवायचं नाही, हा त्यांचा कायदा. फक्त नंबर. या कायद्यापायी आमची पहिली चकमक झाली. चांदूर बाजारकडचा एक संत्र्याचा बागाईतदार होता, पैशानं आणि मनानंही मोठा माणूस. त्याच्या बागेत बिबट्याचं पिल्लू सापडलं. खात्याला कळवायचं सोडून त्यानं ते वावरातल्या बंगल्यात वाढवलं, आठ महिने. दूध, मग कोंबडी, गळ्यात लाल पट्टा. कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ टाकला आणि आमचे लोक जाऊन पिल्लू उचलून घेऊन आले. मी माझ्या रजिस्टरात लिहिलं, 'नर, अंदाजे नऊ महिने, राजा.' काकांनी माझ्या टेबलाशी उभं राहून तो शेवटचा शब्द खोडायला लावला.

"नाव लिवू नका बाबू. नाव असलं का कोनी ना कोनी हाक मारते. हाक मारली का ते येते. ते आलं का आपला हात पुढे जाते."

मी म्हटलं, "काका, कागदावरचं नाव कोण वाचतंय?"

"तुमी वाचान ना," ते म्हणाले. झाला तो सात नंबर. त्याच आठवड्यात मूर्तिजापूरकडच्या एका विहिरीतून काढलेली मादी आली, साधारण तेवढ्याच वयाची. ती आठ नंबर. दोघं एकाच आवारात वाढली.

तो बागाईतदार आठवड्याभरानं भेटायला आला. जाळीपाशी जाऊन त्यानं हाक मारली, "राजा! राजा बेटा!" आणि सात नंबर खरंच पळत आला, जाळीला गाल घासायला लागला. माणूस रडत होता, खरं रडत होता, नाटक नाही. म्हणाला, "काका, फक्त एकदा डोक्यावरून हात फिरवू द्या. बोटं आत जातात एवढ्या फटीतून."

"नाही," काका म्हणाले.

"अहो, माझ्या पलंगावर झोपायचा तो!"

"झोपत असन."

"ओळखतो मला."

"ओयखते ना. म्या कुठं नाही म्हणलं?" मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "घरी लहान लेकरू हाय का कोनी?"

"नात आहे. अडीच वर्षांची."

"पयते का घरात?"

"पळते तर! दिवसभर धुडगूस असतो. ती पुढे आणि हा तिच्या मागे, असा खाली दबून, मग एकदम..." बोलता बोलता तो माणूस थांबला. त्यानं जाळीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि तो झाडाखालच्या बाकावर जाऊन बसला. इंगोलेनं पाणी आणून दिलं. ते पिऊन तो निघून गेला आणि पुन्हा कधी आला नाही. मला त्या दिवशी काकांचा राग आला होता. बाप्याला एवढं उघडं पाडायची काय गरज होती, असं वाटलं.

आता त्यांच्या त्या सवालाबद्दल सांगतो, ज्यासाठी मी हे सगळं लिहितोय. त्याआधी कामाची रीत समजून घ्यावी लागेल.

प्रत्येक पिंजऱ्याचे दोन भाग. पुढे मोठं उघडं आवार, त्यात झाड, पाण्याचं टाकं, बसायला मचाण. मागे पक्की खोली. दोन्हींच्या मध्ये वर-खाली सरकतं लोखंडी दार, बाहेरून साखळीनं ओढायचं. सकाळी खोलीत मांस ठेवायचं, जनावर खायला आत गेलं की मधलं दार पाडायचं, आणि मग एका माणसानं आवारात शिरून झाडायचं, टाकं धुवायचं. पण आवाराच्या फाटकातून खोलीच्या आतलं काहीच दिसत नाही. त्यासाठी दुसरा माणूस मागच्या गल्लीत उभा राहतो. तिथे भिंतीत तळहाताएवढी खिडकी असते. त्यातून आत पाहून त्यानं आकडा सांगायचा, आणि त्या आकड्यावर पुढच्यानं कुलूप उघडून आत पाऊल टाकायचं. म्हणजे फाटकावरच्याचा जीव गल्लीतल्याच्या डोळ्यांवर.

इंगोले फाटकावरून ओरडायचा, "किती?"

गल्लीतून काकांचा आवाज यायचा, "दोन."

"पाह्यले?"

"डोयानं पाह्यले."

हे रोज, प्रत्येक पिंजऱ्याला, ऊन असो, पाऊस असो. काका फाटकावर असले तर तेच विचारायचे आणि समोरचा नुसतं "हो हो, दोन" म्हणाला तर कुलपाला हात लावायचे नाहीत. "डोयानं पाह्यलं का? का आयकलं?" एकदा एक नवा माणूस गल्लीतून म्हणाला, "हाड फोडायचा आवाज येऊन राहिला ना काका, आतच हायेत." काकांनी त्याला त्या दिवसापासून गल्लीत उभं राहू दिलं नाही. तो चांगलाच रागावला, साहेबांकडे गेला. साहेबांनी काकांना बोलावून विचारलं. काका एवढंच म्हणाले, "साहेब, माह्या बोलन्यावर मानूस आत जाते. अथून रोज जेवढे आत गेले तेवढे बाहेर आले पायजेत. मले दुसरं काई नाई पायजे."

हा सवाल मग पिंजऱ्यापुरता राहिला नाही. मी दारात उभा असलो की काका विचारायचे, "साहेब आले का?" मी म्हणायचो, "आले." "डोयानं पाह्यलं, का जीप पाह्यली?" मी जीपच पाहिलेली असायची. आणि साहेब जीप पाठवून स्वतः घरी झोपलेले असायचे. पुण्याहून अभ्यासाला आलेली एक मुलगी पहिल्या आठवड्यात मला म्हणाली, "हे काका जरा उद्धट बोलतात ना?" महिन्यानं तीच मेसच्या बाईला विचारत होती, "भात झाला? डोयानं पाह्यलं?" सेंटरात सगळ्यांच्या तोंडी ते बसलं होतं, थट्टा म्हणून. थट्टा नव्हती ती एकट्या काकांच्या तोंडी.

वर्षातून दोनदा कमलबाई यायच्या, काकांच्या मंडळी. एकदा बाबासाहेबांच्या जयंतीनंतर, बुंदीचा डबा घेऊन, आणि एकदा हिवाळ्यात, वावरातल्या तुरीच्या शेंगा घेऊन. आल्या की चुलीचा ताबा घ्यायच्या आणि आम्हा सगळ्यांना झाडाखाली बसवून वाढायच्या. मी शाकाहारी म्हणून माझी वेगळी वांग्याची भाजी, आणि वर टोमणा, "बाबू, वाघाच्या शेजारी बसता अन् वांगं खाता!" त्यांचा धाकटा भाऊ किसना पूर्वी काकांसोबत कामाला होता. दुसऱ्या जिल्ह्यात एका गावी लहानसं प्राणीसंग्रहालय होतं, आता त्या जागी मंगल कार्यालय उभं आहे. तिथे बिबट्यानं किसनाला मारलं. काकांची दोन बोटं गेली ती त्याला सोडवताना. हे मला इंगोलेनं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि या वेळी तो खोटं बोलत नव्हता.

कमलबाई इंगोलेला वाढताना दर वेळी न चुकता म्हणायच्या, "गजानन, घाई करत जाऊ नको बापा. माह्या भावानं घाई केली. आतून उत्तर यायच्या पयले फाटक उघडलं. घाईच नडली त्याले." इंगोले मान डोलवायचा, "नाई करत काकू." आणि काका उठायचे. ताटात अर्धी भाकर असली तरी उठून हात धुवायला जायचे. मला वाटायचं, साळ्याची आठवण सोसत नाही माणसाला.

शेवटच्या वर्षी एक बदल झाला, तो आधी इंगोलेच्या लक्षात आला. गल्लीतून उत्तर यायला उशीर व्हायला लागला. पूर्वी विचारल्याबरोबर आकडा यायचा, आता इंगोले फाटकावर बिडी संपवायचा तरी काका आत पाहतच असायचे. इंगोले ओरडायचा, "काका, वाघाची पत्रिका पाहून राहिले का?" मग काका टॉर्च न्यायला लागले. भर सकाळी टॉर्च! मी विचारलं तर म्हणाले, "गल्लीत अंधार हाय." गल्लीत अंधार पूर्वीही होता. पण मी काही बोललो नाही. निवृत्तीला चार महिने राहिले होते, आणि माणसाच्या म्हातारपणाबद्दल त्याच्या तोंडावर बोलायला मला जमत नाही.

त्या दिवशी नागपूरहून मोठे साहेब सहकुटुंब यायचे होते. ते यायच्या आत सात-आठ नंबरचं आवार झाडून, टाकं धुवून चकाचक करायचं होतं, पण मांसाची गाडी उशिरा आली आणि सगळंच लांबलं. मोठे साहेब वेळेवर आले. ते, त्यांची बायको, मुलगी, आमचे साहेब, रजिस्टर घेऊन मी, असे सगळे आवारापुढे उभे. सात आणि आठ नेहमीसारखे एकामागोमाग खोलीत शिरले, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मधलं दार पडलं. इंगोले झाडू, बादली घेऊन फाटकाशी आला.

"किती?"

उत्तर नाही.

"काका, किती?"

पुष्कळ वेळानं आवाज आला, "एक."

इंगोले आमच्याकडे पाहून हसला. "काका, दोनही गेले ना आत! म्या सोता पाह्यले जाताना."

"मले एकच दिसून राहिला."

आमच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्याचा अर्थ मला कळला. मी आवाराला वळसा घालून मागच्या गल्लीत गेलो. काका खिडकीला डोळा लावून उभे होते, हातातला टॉर्च पेटलेला. मला पाहून बाजूला झाले. "पाह्या बाबू."

मी पाहिलं. एक फळीवर बसून हाड चघळत होता. दुसरी खाली फरशीवर, पाण्याच्या भांड्याशी, पोट भरून आडवी पसरली होती. खिडकीपासून चार हातांवर.

"दोन आहेत काका."

"डोयानं पाह्यले?"

"डोयानं. एक फळीवर, एक खाली भांड्याशी."

त्यांनी पुन्हा डोळा लावला. बराच वेळ. मग म्हणाले, "खाली मले फरशीच दिसून राहिली."

पुढचं लिहायला मला बरं वाटत नाही, पण लिहितो. मी आवाज खाली आणून म्हटलं, "काका, दोन म्हणून टाका ना. दोनच आहेत. कोणाला कळणार आहे? चार महिने तर राहिले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता कॉलर धरतात. पण त्यांनी खिडकी लावली, तिला कुलूप घातलं, आणि ते वळसा घालून पुढे सगळ्यांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, आत दोन हायेत. बाबूनं पाह्यले. मले एकच दिसला. मले आता दिसत नाही. मले या कामावरून काढा."

आमचे साहेब पार ओशाळले. "तायडे, अहो, पाहुणे आहेत, हे आपण नंतर बोलू."

"आताच," काका म्हणाले. गळ्यातली किल्ली काढून त्यांनी साहेबांच्या हातावर ठेवली, आणि इंगोलेकडे वळले. "गजानन, आज तू आत जाऊ नको. गल्लीत उभा राह्याले चांगल्या डोयाचा मानूस येऊ दे." इंगोलेनं बादली खाली ठेवली. त्या दिवशी आवार तसंच राहिलं. मोठ्या साहेबांच्या मुलीनं विचारलं, "इथलं पाणी हिरवं का आहे?"

पाहुणे गेल्यावर काका पंपाशेजारच्या दगडावर बसले होते. मी माफी मागायला गेलो. माफी मागायची म्हणजे कशी सुरुवात करायची, ते मला सुचत नव्हतं. तेच म्हणाले, "बसा बाबू."

मग त्यांनी सांगितलं, पंपाकडे पाहत, एका सुरात. "तथंही दोन होते. रोज संगं आत याचे, जोडीनं. त्या दिवशी म्या खिडकीत पाह्यलंच नाही. भिंतीले टेकून तंबाकू मयत होतो. आत भांडं वाजलं, मले वाटलं आले दोनही. किसनानं इचारलं, भाऊजी किती? म्या म्हणलं, दोन. त्यानं पुन्हा इचारलं, पक्कं ना? म्या म्हणलं, पक्कं. दुसरा टाक्याच्या मांगं होता."

पंपातून पाणी ठिबकत होतं.

"तथं एक बाबू होता, तुमच्यासारखाच. चांगला मानूस होता. मले म्हने, तायडे, जानारा गेला, आता तुह्यावर दोन घरं हायेत. त्यानंच लिवलं, का मयतानं उत्तराची वाट न पायता फाटक उघडलं. म्या सही केली." डावा हात त्यांनी गुडघ्यावर पालथा ठेवला होता, तीन बोटांचा. "कमलले तेच ठाऊक हाय. तिच्या मायले तेच ठाऊक होतं, मरेपर्यंत."

मला त्या वेळी इतकी लाज वाटली, की मी उठून ऑफिसात गेलो आणि दार लावून घेतलं. 'दोन म्हणून टाका ना.' तोही चांगलाच माणूस होता म्हणे.

अकोल्याला त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उरलेले महिने रजेतच गेले आणि ते निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी करू दिला नाही. काही कागदांवर सह्या राहिल्या होत्या. पोस्टानं पाठवता आले असते, पण मी स्वतः घेऊन बार्शीटाकळीला गेलो. अकोल्याहून गाडी, पुढे ऑटो. घर दोन खोल्यांचं, पुढे शेणानं सारवलेलं अंगण, कडुलिंब, ओट्यावर दोन खुर्च्या. दारातून आतली भिंत दिसत होती. बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर, आणि त्याखाली मिशी नुकती फुटलेल्या एका तरुणाचा फोटो, हार घातलेला.

काकांना जाड चष्मा लागला होता. मी बसल्याबरोबर त्यांनी ओट्यावरून आतलं कॅलेंडर वाचून दाखवलं, तारीख, वार, खालचं दुकानाचं नावसुद्धा. "आता सात-आठ दोनही दिसतीन," म्हणाले. मी सांगितलं, की दोन्ही बरे आहेत, सात नंबरनं मचाणाची फळी तोडली. सह्या झाल्या. कमलबाई चहा घेऊन आल्या.

"गजानन बरा हाय का?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं."

"सांगजा त्याले, घाई करत जाऊ नको म्हना. माह्या भावानं घाई केली..."

सवयीनं मी काकांकडे पाहिलं. आता ते उठतील, हात धुवायला जातील. ते उठले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला.

"त्यानं घाई नाही केली," ते म्हणाले.

कमलबाईंना नीट ऐकू आलं नसावं. "काय म्हनता?"

"किसनानं घाई नाही केली. इचारलं त्यानं मले, किती म्हनून. म्या दोन सांगतलं. म्या पाह्यलं नव्हतं, कमल. मांगून कागदावर खोटं लिवलं, अन् म्या सही केली." आवाज पंपापाशी होता तसाच होता. "दोनदा इचारलं त्यानं."

त्या उभ्या होत्या, बशी हातात. कडुलिंबावर कावळा ओरडत होता. मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं.

"दोनदा?" त्यांनी विचारलं.

"दोनदा."

त्यांनी माझ्या हातातला कप घेतला. त्यात चहा होता अजून. काकांचा कप उचलला, दोन्ही बशा एकावर एक ठेवल्या आणि आत गेल्या. आतून दार लोटून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला नाही.

मी सह्यांचे कागद पिशवीत घातले. मग मी म्हणालो, "निघतो काका." ते म्हणाले, "हो, गाडी चुकन तुमची." ओट्याखालपर्यंत माझ्यासोबत आले. मी थांबवून ठेवलेल्या ऑटोत बसलो. ऑटोवाला किक मारत होता, गाडी लवकर सुरू होईना, म्हणून मला पुढचं दिसलं.

काका अंगणातून परत निघाले. दारापासून दहा पावलांवर थांबले. दोनदा खाकरले, "अहं, अहं." मग दारापाशी गेले आणि तीन बोटांचा तो हात चौकटीवर ठेवला. दार नुसतं लोटलेलं होतं, बोटानं ढकललं असतं तरी उघडलं असतं.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

ऑटो सुरू झाला आणि वळणाशी जाईपर्यंत मी मागे वळून पाहत होतो. ते तसेच उभे होते, चौकटीवर हात ठेवून, आतून उत्तर येण्याची वाट पाहत.